पांढऱ्या पेशींची राखण

वहिनीच्या गोळ्या मी बंद केल्या होत्या. नाटे या आमच्या गावी घरात, आवाठात म्हणजे आमच्या वाडीत आणि नातेवाइकांत सगळे समजून होते की तिने त्या आपल्या मनाने सोडल्या आणि म्हणून तिची किडनी जाता जाता राहिली. ते खोटं होतं आणि खोटं असल्याचं घरात फक्त दोघांना ठाऊक होतं, तिला आणि मला. तिने ते उघड केलं नाही, माझ्यासाठी. मीही केलं नाही, तेही माझ्यासाठीच.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी पाचवीत होतो. दादा बोटीवर खलाशी होता. आता तांडेल आहे, म्हणजे बोट आणि बोटीवरची माणसं त्याच्या शब्दावर चालतात. मला मात्र बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की पोटातलं सगळं बाहेर. दादाला माझी लाज वाटे. वहिनी त्याला एकदा जेवताना म्हणाली होती, सगळ्यांनीच कशाला पाण्यात जायला हवं, घरात एक माणूस कोरडा राहिला तर बिघडलं कुठे. त्या एका वाक्यावर मी रत्नागिरीला शिकायला गेलो, लॅब टेक्निशियन झालो आणि गेली सव्वीस वर्षं तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे.

माझं काम रक्त बघण्याचं. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पातळ पसरायचा, वाळवायचा, त्यावर जांभळा रंग ओतायचा, धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. हल्ली मोजणी मशीनच करतं, पण आकडे विचित्र आले की आजही पट्टी माझ्याकडे येते. लाल पेशींच्या गर्दीत पांढऱ्या पेशी तुरळक असतात आणि त्या पाच जातींच्या. न्यूट्रोफिलच्या पोटात केंद्राचे तीन-चार तुकडे, दोऱ्याने बांधल्यासारखे. इओसिनोफिलमध्ये नारिंगी दाणे, कोळंबीच्या अंड्यांसारखे. बेसोफिल क्वचित दिसणारा, गडद दाण्यांनी झाकलेला. मोनोसाइट सगळ्यांत मोठा आणि त्याचं केंद्र काजूगरासारखं वाकलेलं. आणि लिम्फोसाइट, जवळजवळ सगळा जांभळा गोळाच, भोवती निळसर कड. समोर पाच बटणांचं यंत्र असतं. पेशी दिसली की तिच्या जातीचं बटण दाबायचं. शंभर झाल्या की घंटी वाजते.

सव्वीस वर्षं मी ही घंटी ऐकत आलो. पेशींची तोंडं मला पाठ. त्या काय करतात हे विचारलं असतं तर मी शाळेत ऐकलेलं उत्तर दिलं असतं, की त्या शरीराचे शिपाई आहेत, जंतू आले की लढतात. जास्त असल्या की कुठेतरी लढाई चालू आहे, कमी असल्या की माणूस उघडा पडलाय. एवढंच.

करोनाच्या दोन वर्षांत माझ्या या एवढ्याशा ज्ञानाला फार भाव आला. गावातली माणसं आपले रिपोर्ट फोनवर पाठवायची. डॉक्टरकडे जाण्याआधी मला विचारायची. जो तो प्रतिकारशक्ती हा शब्द बोलत होता, आणि तो कशाशी खातात हे सांगणारा मी होतो. गुळवेलीच्या कांड्या आमच्या घरामागच्या परड्यात कुंपणावर चढलेल्या होत्या. मी त्या उकळून कितीजणांना पाजल्या असतील. लोक मला अर्धा डॉक्टर म्हणायला लागले. मी नको म्हणत असे, पण ज्या आवाजात म्हणत असे त्याची मला आज लाज वाटते.

ती साथ ओसरल्यानंतर वहिनीची बोटं सकाळी आखडायला लागली. चेहऱ्यावर दोन्ही गालांवर लाली आली. मासे वाळवायला उन्हात बसणाऱ्या बाईच्या गालावर लाली येणारच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग तोंडात फोड, मूठमूठ केस गळणं, मधूनच ताप. शेवटी कोल्हापूरच्या एका संधिवाताच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या करून नाव सांगितलं, ल्युपस. वहिनीला ते जमेना. ती म्हणाली, "हापूस माहीत होता, हा लपूस कुठला काढलात?" डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी उन्हात बसायचं बंद, या गोळ्या सुरू, आणि एकही गोळी मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, असं तिला आणि मला समोर बसवून सांगितलं. मला. मी त्या खोलीत होतो.

सातआठ महिने बरे गेले. सूज उतरली, वहिनी पुन्हा मासे कापायला बसली, फक्त आता पडवीत, सावलीत. दर दोन महिन्यांनी ती एसटीने रत्नागिरीला यायची, आमच्याच लॅबमध्ये रक्त द्यायची, आमच्या घरी जेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. रिपोर्ट मी कोल्हापूरला पाठवत असे.

मग चैत्रात एकदा तिचा काउंट कमी आला. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर असायला हव्यात, तिच्या तीन हजारांच्याही जरा खाली. मी स्वतः पट्टी लावली. लिम्फोसाइट शोधावे लागत होते. मला वाटलं, मला कळलं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, आणि इथे शिपाई मरताहेत. सरळ हिशोब. तो रिपोर्ट मी कोल्हापूरला पाठवायला हवा होता. मी वहिनीला फोन केला.

"वयनी, पेशी कमी झाल्यात."

"म्हणजे मला डेंगू झाला काय?"

आमच्याकडे पेशी कमी झाल्या म्हटलं की माणूस डेंगू समजतो. पावसाळा आला की प्लेटलेट पडलेले पेशंट आणि पपईच्या पानाचा रस एवढंच ऐकू येतं. मी तिला समजावलं की या त्या पेशी नव्हेत, या पांढऱ्या, शिपाई, आणि या गोळ्या त्यांना मारताहेत. थोडे दिवस थांबव. परड्यातली गुळवेल उकळून घे सकाळ-संध्याकाळ, पेशी वाढतील.

ती मग म्हणाली, "डॉक्टरबायना विचारू काय?"

"त्यांना कशाला विचारायला हवं? मी बघतोय ना."

हे तीन शब्द मी गेलं वर्षभर रोज ऐकले आहेत. मी बघतोय ना. खरंही होतं, मी बघतच होतो.

तीन आठवड्यांनी तिच्या पायांवर सूज आली. दादाने फोनवर सांगितलं की बोट दाबलं तर खड्डा राहतो. मी तिला लगेच बोलावून घेतलं. लघवीचा नमुना मीच तपासला. त्या तपासणीची एक कागदी पट्टी असते; प्रथिनं जात नसतील तर तिचा तो चौकोन पिवळा राहतो, जात असतील तर हिरवा होतो. मी पट्टी बुडवून बाहेर काढली आणि हातातच तो चौकोन हिरवा होत गेला. डबीवरच्या रंगांत शेवटचा, सगळ्यांत गडद होता तो. मी दुसरी पट्टी बुडवली. मग तिसरी. बाहेर बाकावर वहिनी बसली होती आणि शेजारच्या बाईला बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते सांगत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. दादाही होता. डॉक्टरबाईंनी पाय पाहिले, रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" वहिनीने सांगितलं. "कुणी सांगितलं बंद करायला?"

मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं एवढंच आठवतं. वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "कोणी नाय. मीच सोडल्या. कंटाळा आला."

दादा तिथेच तिला बोलला, डॉक्टरांसमोर. मी खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने उचकटत बसलो.

किडनीचा तुकडा काढून तपासला. आजार तिथे पोचला होता. तीन दिवस सलाइनमधून औषध, मग दर महिन्याला एकदा दवाखान्यात भरती होऊन दुसरं औषध, असं सहा महिने. किडन्या किती वाचतील हे तेव्हाच सांगता येणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. डायलिसिस हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. दादाने तो बाहेर येऊन मला पुन्हा विचारला, म्हणजे काय रे, आणि मी सांगितल्यावर तो बराच वेळ रस्त्यापलीकडच्या रसवंतीकडे बघत उभा राहिला.

त्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, दर महिन्याला वहिनीबरोबर मी जाणार, दादा समुद्रावर असो वा नसो. दुसरी, ज्या पेशी मी सव्वीस वर्षं मोजल्या त्यांचं काम मी पहिल्यापासून शिकणार. माफी मागायचं मी ठरवलं नाही. ती बरी झाली की मग सांगू, आत्ता घरात आणखी एक वादळ नको, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालायला मी हुशार आहे.

तिसऱ्या फेरीला वहिनीला रक्त घ्यायला आत नेलं तेव्हा मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. गोळ्यांचं, गुळवेलीचं, काउंटचं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि किती दिवस, किती काढा, हे सगळं फाइलमध्ये लिहून घेतलं. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, म्हणाल्या. मग मला विचारलं की तुम्ही लॅबमध्ये आहात, काउंट कमी दिसला म्हणजे गोळ्यांचाच दोष हे कशावरून ठरवलंत? "कधीकधी गोळ्यांनीही कमी होतो," त्या म्हणाल्या. "पण हा आजार स्वतःच पेशी खातो. आजार पुन्हा डोकं वर काढत होता आणि तुम्ही त्याच्यावरचं झाकण उचललंत. शिवाय त्यातली स्टेरॉइडची गोळी अशी एकदम तोडायचीच नसते." ज्या आकड्यावरून मी गोळ्यांना दोषी ठरवलं तो आकडा गोळ्या वाढवा म्हणून ओरडत असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. घरी माहीत आहे का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यानंतर मी वाचायला लागलो. मुलीची बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं माळ्यावर होती, ती काढली. लॅबच्या कपाटातली जाड पुस्तकं घरी आणली. बायको म्हणाली की या वयात कसली परीक्षा देताय. जे कळलं नाही ते लिहून कोल्हापूरला नेत असे आणि डॉक्टरबाई दोन पेशंटांच्या मधल्या वेळात सांगत.

न्यूट्रोफिल, माझे दोऱ्याने बांधलेले, काटा रुतला की सगळ्यांत आधी धावतात, जंतू गिळतात आणि दिवसा-दोन दिवसांत मरतात. फोडातला पू म्हणजे बहुतेक त्यांचीच प्रेतं. काजूगरवाला मोनोसाइट रक्तातून बाहेर पडून मांसात शिरला की मोठा होतो, मेलेलं आणि घाण खातो, आणि खाल्लेल्या जंतूचा तुकडा अंगावर मिरवतो, हा बघा असा होता म्हणून. तशीच आणखी एक हातपाय पसरलेली पेशी कातडीखाली टपून असते. ती असा तुकडा घेऊन काखेतल्या, मानेतल्या गाठीपर्यंत जाते आणि तिथे लिम्फोसाइटना दाखवते.

आणि लिम्फोसाइट. इथे मी अडकलो. कारण जो जांभळा गोळा मी एका बटणावर मोजत आलो, तो एक नाहीच. त्यातला एक प्रतिपिंडं तयार करणारा. एक बिघडलेल्या पेशीला जाऊन मारणारा. एक हुकूम देणारा, ज्याच्या शब्दाशिवाय बाकीचे पुरते हलत नाहीत. आणि एक, संख्येने थोडा, ज्याचं काम फक्त थांबवण्याचं. पुरे, आता मागे फिरा, हा आपला आहे, असं इतरांना बजावणारा. सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे सारखेच दिसतात. मारणारा आणि थांब म्हणणारा, दोघांसाठी मी इतकी वर्षं एकच बटण दाबलं होतं.

पुस्तकात पुढे असंही होतं की या पेशींतल्या एका मोठ्या गटाचं शिक्षण छातीच्या हाडामागे एका ग्रंथीत होतं. तिथे त्यांना शरीराचे स्वतःचे नमुने दाखवले जातात. जी पेशी आपल्याच माणसावर धावून जाते तिला बहुतेक वेळा तिथेच संपवतात. काही निसटतात. त्यांना आवरायला ते थांब म्हणणारे असतात. वहिनीच्या अंगात हे आवरणं कमी पडलं होतं. तिची प्रतिकारशक्ती दुबळी नव्हती. ती तिच्या सांध्यांवर, कातडीवर आणि किडनीवर, शत्रूचा तळ असल्यासारखी, पूर्ण ताकदीने चालून जात होती. आणि मी तिला गुळवेल पाजत होतो.

हे मी वहिनीला चौथ्या फेरीत, परतीच्या वाटेवर सांगितलं. त्या वेळी आम्ही अणुस्कुऱ्याच्या घाटाने उतरत होतो. तिने डोक्याला पदर घट्ट गुंडाळला होता, उन्हासाठी आणि केसांसाठीही. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं ऱ्हायलं."

आमच्याकडे घराची, गावाची राखण असते. परड्यात माडाखाली एक पाषाण आहे, तो आमचा राखणदार. वर्षाला त्याला नारळ द्यायचा, कोंबडा द्यायचा, आणि घरातल्या मोठ्या पुरुषाने मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं. त्यात घरातल्या एकेका माणसाची आठवण असते. हा इथे राबतो, तो मुंबईला चाकरीला आहे, ही माहेरवाशीण आलीय, हे सगळं तुझं लेकरू, सांभाळ. प्रत्येक वाक्याला मागच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणी मी आईला विचारलं होतं की देवाला ही माणसं माहीत नाहीत का? ती म्हणाली होती की माहीत असतात, पण रात्रीच्या वेळी काठी घेऊन फिरणाऱ्याला आपला कोण ते दर वर्षी सांगावं लागतं, नाहीतर तो आपल्यालाच आडवा येतो.

वहिनीने ग्रंथी, पेशी, सगळं त्या एका वाक्यात बसवलं. मग पर्समधली गोळ्यांची पाकिटं हातावर घेऊन म्हणाली, "गोळी म्हणजे गाऱ्हाणं. रोज घालायचं. ही आपली हाय, हिला सोड म्हाराजा."

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

गाडीत आम्ही दोघंही हसलो. तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता मी तिला फोन करतो. ती म्हणते, घातलं गाऱ्हाणं. मी म्हणतो, व्हय म्हाराजा. एकही दिवस चुकवलेला नाही. मी तापाने झोपलेलो असतानाही बायकोने फोन कानाला धरला होता.

त्याच फेरीत मी तिला विचारलं की कोल्हापुरात खोटं का बोललीस. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भावजी, गावातली माणसं रिपोर्ट तुम्हाला दाखवतात. तुमचं नाव घेतलं असतं तर कोणाला दाखवतील?" मी तिला म्हटलं की आता मी कुणालाही औषधाचं सांगत नाही, रिपोर्ट आला की डॉक्टरकडे जा एवढंच सांगतो. "मग बरं झालं," ती म्हणाली. एवढ्यावर विषय संपला. मी माफ कर म्हटलं नाही. ड्रायव्हर ऐकत होता, असं कारण मी तेव्हा स्वतःला दिलं.

दादा मात्र विसरला नाही. तो तिला डॉक्टरीणबाई म्हणायला लागला. मीठ कमी घालायचं म्हणून तिने आमटी वेगळी काढली की, "विचारा डॉक्टरीणबायना." कुणी पाहुणा चौकशीला आला की हाच सांगायचा, चांगली बरी होती, शहाणपणा नडला. पाहुणेही मान हलवायचे आणि तिला चार शब्द ऐकवायचे. दादा तिच्यावर जीव टाकतो. तिला घेऊन फिरताना त्याच्या दोन मोसमांचे अर्धे दिवस गेले, त्याबद्दल तो कधी बोलला नाही. घाबरलेला माणूस कुणावर तरी ओरडतो आणि ओरडायला त्याला चुकीचं माणूस मिळालं होतं. वहिनी हसून आत जायची. प्रत्येक डॉक्टरीणबाय माझ्या अंगावर पडायची आणि मी प्रत्येक वेळी चहाचा कप तोंडाला लावायचो.

या वर्षी ज्येष्ठात तिचा नमुना मी तपासला तेव्हा पट्टीचा चौकोन जवळजवळ पिवळा राहिला. किंचित, अगदी किंचित हिरवट. रक्तातला किडनीचा आकडाही खाली आला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या की मोठं औषध आता पुन्हा लागणार नाही, गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, पण किडन्या राहिल्या. वहिनीने टेबलावरच हात जोडले. मी ती वापरलेली पट्टी कागदात गुंडाळून पाकिटात ठेवली होती. लॅबमधला माणूस असं करत नाही.

ती बरी झाली की सांगू, असं मी म्हटलं होतं. आता ती बरी होती. माझ्याकडे कारण उरलं नाही.

आमच्या घरची राखण श्रावणात असते, नारळी पौर्णिमेच्या आधी. मी आदल्या दिवशी नाट्याला गेलो. सांगायचं असं पक्कं ठरवून गेलो होतो. दादाला एकट्याला गाठून सांगावं असा एक विचार मनात येत होता, पण वहिनीला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हा तिला निर्दोष ठरवायचं तेही चारचौघांतच.

सकाळी पाऊस उघडला होता. परड्यात माडाखाली दादा पाषाणासमोर उभा, हातात नारळ. आम्ही त्याच्यामागे, घरचे आणि शेजारच्या दोन घरांतले, दहाबारा माणसं. वहिनी मागच्या पायरीवर सावलीला. दादाने गाऱ्हाणं सुरू केलं. समुद्रावर आवाज पोचवायची सवय असलेला गळा आहे त्याचा. बोटीचं झालं, मुंबईच्या मुलांचं झालं, माझं आणि माझ्या बिऱ्हाडाचं झालं. मग तो म्हणाला की हिला या वर्षी तू मरणाच्या दारातून परत आणलीस, अशीच सांभाळ. सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. मीही म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा आला असेल.

मग शेवटचं वाक्य आलं. ते दर वर्षी तेच असतं.

"काय चुकलं माकलं असंल तर पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

या वेळी मी ते म्हटलं नाही. चुकलंमाकलं. मी जन्मभर हा शब्द सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणत आलो आहे. काय चुकलं, कुणाचं चुकलं, हे त्यात सांगावं लागत नाही. दहाबारा माणसं एकदम म्हणतात, पाषाण ऐकून घेतो, नारळ फुटतो आणि खोबरं वाटलं जातं. मारणारा आणि थांब म्हणणारा एकाच बटणावर मोजल्यासारखं.

दादा वळला. तांडेलाला कुणाचा आवाज आला नाही ते कळतं. "काय रे? तुझा आवाज नाय आला."

मी म्हटलं, "दादा, नारळ जरा थांबव. माझं चुकलंमाकलं नाय. माझं चुकलंय, आणि काय ते मला माहीत हाय."

दादाने नारळ खाली घेतला. मी पायरीजवळ गेलो. वहिनीने मान हलवली, नको म्हणून. मी तिच्यापुढे वाकलो आणि पायांना हात लावला. त्या पायांवर आता बोट दाबलं तर खड्डा पडत नव्हता. मग उभा राहून, मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"वयनी, गोळ्या तू सोडल्या नव्हत्यास. मी सोडायला लावल्या. तू डॉक्टरबायना विचारू काय म्हणालीस, मी नको म्हटलं. मला कळत नव्हतं आणि कळतं असं मी दाखवलं. कोल्हापुरात तू माझं नाव झाकलंस तेव्हा मी गप्प बसलो, आणि हे सगळे तुला बोलत होते तेव्हाही वर्षभर गप्प बसलो. दादा, तिला डॉक्टरीणबाय म्हणायचं बंद कर, तो शब्द माझा हाय. वयनी, मी चुकलो. मला माफ कर."